धारवाडचा दगड आणि ब्रूस फूट

लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा काढणारे मेजर मांट, तो पुरा करणारे चिझम, महाराजांना शिकविणारे इलियट ही साहेबमंडळींची नावे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत अजूनही निघतात. आमच्या आजोबांच्या बोलण्यात तर ती अशी येत, की जणू कालच ही मंडळी वाड्यावरून गेली असावीत. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव मात्र मी घरात कधी ऐकले नाही. हा गृहस्थ श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होता, गायकवाडी मुलखातील नद्यांचे काठ व डोंगरांच्या कडा त्याने पायाखाली घातल्या, राज्याच्या भूमीवर एक जाड ग्रंथ लिहिला आणि निघून गेला. बांधून ठेवलेली इमारत लोकांच्या डोळ्यांसमोर राहते. जमिनीखालचे वाचणाऱ्याचे काम जमिनीखालीच राहावे, यात नवल नाही.

माझी त्याची ओळख झाली ती बडोद्यात नव्हे, तारिहाळला. हुबळी-धारवाडजवळचे हे एक जुने खेडे. आता त्याचे नाव तेथील औद्योगिक वसाहतीमुळेच अधिक लोकांस ठाऊक आहे. माझ्या भाच्याचा तेथे यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे. गेल्या मार्गशीर्षात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा नव्या शेडच्या पायाचे खोदकाम चालू होते. वरची माती व मुरूम निघाल्यावर खाली हिरवट करडा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड लागला होता. पाने चळतीने रचून ती चळत कडेवर उभी करावी, तसे त्याचे थर जवळजवळ उभे होते. भाचा यंत्रांचा इंजिनीयर; त्याची नजर अशा गोष्टीवर अडकतेच. पाण्यात गाळ बसतो तो आडवा बसतो, मग मामा, हे थर उभे कोणी केले, असे त्याने मला विचारले. मला तेव्हा एवढेच सांगता आले, की या जातीच्या खडकांना साऱ्या जगात धारवाडचे नाव आहे आणि ते नाव देणाऱ्या साहेबाने पुढे आपल्या बडोद्याचे मीठ खाल्ले आहे. बाकीचे उत्तर देण्यासाठी मला घरी येऊन वाचावे लागले. जे वाचले ते असे.

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडात चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ च्या डिसेंबरात, म्हणजे कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षाच्या अखेरीस, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. थॉमस ओल्डहॅम तेव्हा या खात्याचे प्रमुख होते. खाते लहान, मुलूख अफाट, आणि मुख्य हेतू कोळसा, लोखंड, सोने कोठे सापडते ते सरकारास सांगण्याचा. पावसाळा संपला की तंबू, घोडा व बैलगाड्या घेऊन निघावयाचे, उन्हाळा असह्य होईपर्यंत मुलूख तुडवावयाचा, आणि मग कचेरीत बसून नकाशे रंगवावयाचे, हा या माणसांचा वार्षिक क्रम होता. फूट यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली आणि पुढची तेहतीस वर्षे ते दक्षिणेतच हिंडत राहिले. त्यांचे सासरे पीटर पर्सिव्हल हे तमिळचे जाणते विद्वान होते. तेव्हा या देशाशी त्यांचा संबंध केवळ खडकांपुरता नव्हता.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते मात्र खडकामुळे नव्हे, खडकातून माणसाने काढलेल्या एका वस्तूमुळे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे जांभ्याच्या भरडीत त्यांना घडविलेला एक दगड मिळाला. दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेली ती हातकुऱ्हाड होती. युरोपात अशा दगडांवरून माणसाच्या प्राचीनत्वाचा मोठा वाद तेव्हा ताजा होता, आणि फूट यांनी त्यावरचे लेखन वाचलेले होते. म्हणूनच दुसऱ्या कोणी खडी म्हणून फेकला असता तो दगड त्यांनी उचलला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांना व त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरम्पाक्कम येथे अशी आणखी हत्यारे सापडली. भारताचा इतिहास वेदांच्या किंवा स्तूपांच्या पलीकडे किती लांब जातो, याचा तो पहिला भक्कम पुरावा होता. अत्तिरम्पाक्कमची तीच जागा शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे पुन्हा खणली आणि तेथील सर्वांत जुन्या हत्यारांचे वय पंधरा लाख वर्षांच्या आसपास येते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. फूट यांना भारतीय प्रागितिहासाचे जनक म्हणतात ते यामुळे. या बाजूने त्यांचे चरित्र पुष्कळांनी सांगितले आहे. मला सांगावयाचे आहे ते दुसरे.

१८७० च्या सुमारास फूट दक्षिणी मराठा मुलखात आले. कृष्णेच्या दक्षिणेचा धारवाड, बेळगाव, कलादगी हा भाग, आणि मधूनमधून कोल्हापूर, सांगली, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग अशा संस्थानांचे तुकडे. हुबळीस तेव्हा रेल्वे आली नव्हती. कापसाच्या गाड्यांच्या वाटांनी, ओढ्यांच्या पात्रांतून, विहिरींच्या खोदाईत डोकावत त्यांनी हा सारा प्रदेश पाहिला, आणि १८७६ मध्ये या मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत बाराव्या खंडाच्या रूपाने निघाला. मराठी माणसाने एकदा तरी चाळावा असा तो ग्रंथ आहे. आपण ज्या गावांना लढाया, जहागिरी व सोयरिकी यांवरून ओळखतो, ती गावे त्यात केवळ दगडांच्या नात्याने एकमेकांस जोडलेली दिसतात.

हे नाते आजही मोटारीतून पाहता येते. कोल्हापूर-निपाणीकडून दक्षिणेस निघालो, की बेळगावापर्यंत काळा पाषाण आणि माथ्यावर जांभा. हा दगड म्हणजे घट्ट झालेला लाव्हा. बेळगाव मागे टाकले, की तो संपतो आणि कित्तूर-धारवाडच्या बाजूस ते पापुद्र्यांचे, कलते, चुरगळलेले खडक सुरू होतात. पूर्वेस गोकाक-कलादगीकडे वळावे तर तिसराच प्रकार : वालुकाश्म व चुनखडक यांचे जाड थर, कोठे जवळजवळ सपाट, कोठे लाटेसारखे वाकलेले. घटप्रभेचे पाणी गोकाकला याच कठीण थरांवरून खाली कोसळते. या थरांना फूट यांनी कलादगीचे नाव दिले. गोकाकजवळ चिकदौली येथे त्यांना गेंड्याची जीवाश्म हाडे मिळाली. त्या जातीस त्यांनी नाव दिले ते दख्खनचे. बेळगाव जिल्ह्यात एके काळी गेंडे चरत होते, ही गोष्ट आमच्या बेळगावच्या पाहुण्यांना मी सांगितली तेव्हा त्यांनी ती थट्टेवारीच नेली.

पण फूट यांचे मन खिळून राहिले ते त्या उभ्या, पापुद्र्यांच्या खडकांवर. दक्षिणेत सर्वत्र पसरलेला करडा, पट्टेदार, ग्रॅनाइटच्या जातीचा जो नाइस नावाचा दगड आहे, त्याच्यातच हेही खडक तोवर गणले जात. फूट यांना ते पटेना. एका पट्ट्यात चिखलाचा झालेला दगड, त्यालगत लोखंडाच्या तांबड्या व गारगोटीच्या पांढऱ्या रेघारेघांचा दगड, मध्येच जुन्या लाव्ह्याचा हिरवट थर, असे हे एक वेगळेच कुटुंब त्यांना दिसत होते. गदगजवळच्या डंबळच्या डोंगरांत याच कुटुंबाच्या अंगातल्या गारगोटीच्या शिरांत सोने होते. त्यावर त्यांनी १८७४ मध्येच टिपण लिहिले होते. पुढे बळ्ळारीच्या बाजूस काम करताना आणि १८८७ मध्ये म्हैसूरच्या सोन्याच्या पट्ट्यांची पाहणी करताना तेच कुटुंब त्यांना पुन्हा पुन्हा भेटले. एक पट्टा धारवाडाहून शिमोग्याकडे, दुसरा डंबळहून चिक्कनायकनहळ्ळीकडे, तिसरा पेन्नार-हगरीच्या बाजूस. सारे साधारण उत्तर-दक्षिण, एकमेकांस समांतर. सगळ्यांची दोन अंगे वाकून आत कललेली, होडीच्या तळासारखी. आणि होडी जणू नाइसच्या समुद्रात रुतून बसलेली. या सगळ्या पट्ट्यांना मिळून फूट यांनी धारवाड संघ असे नाव दिले आणि १८८८-८९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. धारवाडकरांना आपल्या पेढ्याचा व गवयांचा अभिमान आहे, तो रास्तच. पण ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात बसून पृथ्वीच्या अतिप्राचीन कवचाचा अभ्यास करणाऱ्यास धारवाड हे नाव माहीत असते ते या माणसामुळे.

आणि नाव देऊनच ते थांबले नाहीत. नाइस हा पाया, आणि धारवाडी खडक त्या पायावर नंतर साचलेले, मग दोघेही मिळून दाबले व वाकविले गेलेले, असे त्यांनी ठामपणे मांडले. आता यात विशेष ते काय, असे वाटेल. पण घरातला थोरला कोण हे चुकले, की सगळी वंशावळच चुकते, तसे या शास्त्रात होते.

दाब कोठून आला, हे मात्र फूट यांना सांगता येत नव्हते. त्या काळी ते कोणासच सांगता येत नव्हते. पृथ्वी हळूहळू निवत असून आक्रसत आहे, आणि सुकलेल्या फळाच्या सालीवर सुरकुत्या पडाव्यात तशा तिच्या पाठीवर घड्या पडतात, अशी समजूत प्रचलित होती. जमीन वर-खाली होते हे सर्वांस मान्य होते. ती आडवी चालत जाते, अशी कल्पना कोणी गंभीरपणे केली नव्हती. त्यांच्याच खात्यातील मेडलिकॉट यांनी कोळशाच्या थरांना गोंडवन हे नाव दिले होते. त्याच नावावरून १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या झ्यूस या पंडिताने भारत, आफ्रिका यांना जोडणाऱ्या एका लुप्त भूखंडास गोंडवनभूमी म्हटले. पण मधला भाग समुद्रात बुडाला, अशीच त्याची कल्पना होती. भारत स्वतः तेथून निघून येथवर आला, हे त्याच्याही मनात नव्हते.

१८९१ मध्ये फूट सरकारी नोकरीतून मोकळे झाले. साहेबाने पेन्शन घेऊन विलायतेस जावयाचे, हा रिवाज. हे गेले नाहीत. आपल्या राज्याच्या पोटात काय काय आहे ते पाहून घ्यावे, असे महाराजांच्या मनात होते आणि या कामास ते हवे होते. साठीला टेकलेला हा माणूस बडोद्यास आला. गायकवाडी मुलूख म्हणजे एकसंध राज्य नव्हे : नवसारी-सोनगडचे रान, बडोदे प्रांताची सपाट काळी व गोराडू जमीन, कडी प्रांतातले साबरमतीचे खोरे, आणि थेट काठेवाडात अमरेली. असे चारी दिशांना विखुरलेले राज्य त्यांनी हिंडून पाहिले. १८९३ मध्ये विजापूर तालुक्यात, साबरमतीच्या काठी सादोलिया व पेढामली येथे त्यांना दगडी हत्यारे मिळाली. नदीने उभे कापलेले काठ त्यांनी बारकाईने वाचले. जाड हत्यारे तळच्या गोट्यांच्या थरात, आणि बारीक पात्यांची हत्यारे अगदी वर, मध्ये वाऱ्या-पाण्याने आणलेल्या मातीचा प्रचंड जाड थर. तेव्हा या दोन माणसांत काळाचे फार मोठे अंतर पडले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पन्नास वर्षांनी, १९४१ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया याच साबरमतीच्या काठी आले ते फूट यांच्या नोंदी हातात घेऊनच. बडोदे राज्याच्या भूरचनेवरचा फूट यांचा ग्रंथ १८९८ मध्ये मद्रासला छापून निघाला. तोपर्यंत त्यांनी बडोदे सोडले होते.

१८९४ मध्ये म्हैसूर दरबाराने भूशास्त्राचे स्वतंत्र खाते काढले आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून फूट यांस नेले. धारवाडी पट्टे ज्या मुलखात सर्वांत अधिक, तेथेच त्यांना ते खाते उभे करावयाचे होते. तीनेक वर्षांत ते तेथूनही निघाले आणि येरकाडच्या डोंगरावर राहावयास गेले. यानंतर जे घडले ते मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत बोचणारे वाटते. त्यांच्यामागून त्या खात्याचे प्रमुखपद डब्ल्यू. एफ. स्मीथ यांच्याकडे गेले. स्मीथ हुशार होते, त्यांच्या हाताखाली मोजमापाचे काम पुष्कळ झाले. पण त्यांचे मत फूट यांच्या अगदी उलट पडले. धारवाडी खडक पाण्यात साचलेले नाहीतच, ते सारे अग्निजन्य, आणि तेच सर्वांत जुने. नाइस व ग्रॅनाइट मागून खालून वितळत वर घुसले, असे त्यांनी मांडले. १९१६ मध्ये म्हैसूरच्या भूइतिहासाची जी रूपरेषा त्यांनी प्रसिद्ध केली तीत हीच वंशावळ आहे. फूट यांनी स्वतः स्थापिलेल्या खात्यात पाया कळसाच्या जागी गेला आणि कळस पायाच्या. खात्याचा शिक्का असल्यामुळे पुढे कित्येक वर्षे तेच शिकविले गेले.

ते छापलेले पाहावयास फूट राहिले नव्हते. आपला हत्यारांचा संग्रह त्यांनी १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयास दिला होता आणि त्याची सूची करण्यात अखेरची वर्षे घालविली. २९ डिसेंबर १९१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांचे दहन झाले आणि येरकाडच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांचे स्मारक आहे. सूची त्यांच्या मागून छापून निघाली.

याच १९१२ च्या आरंभी, ६ जानेवारीस, जर्मनीत फ्रँकफर्ट येथे आल्फ्रेड व्हेगेनर नावाच्या एका तरुण हवामानशास्त्रज्ञाने भूशास्त्रज्ञांच्या सभेत एक व्याख्यान दिले होते. खंडे एके काळी एकत्र होती आणि ती फुटून दूर सरकली, हे त्याचे म्हणणे. कलकत्त्यातील वृद्ध फूट यांच्यापर्यंत त्याची वार्ता पोचण्याचा संभव नव्हताच, आणि ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांतील बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. कारण खंडांना ढकलतो कोण, हे व्हेगेनरला नीट सांगता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. समुद्राच्या तळाचे नकाशे निघाले, तळाशी लांबच लांब पर्वतरांगा व त्यांच्या माथ्यावरच्या भेगा सापडल्या, तेव्हा कोठे १९६० नंतरच्या दशकात त्याची कल्पना नव्या रूपाने उभी राहिली. पृथ्वीचे वरचे कठीण कवच अखंड नसून त्याचे लहानमोठे तुकडे आहेत. त्यांना आपण भूपट्ट म्हणतो. खालचे तप्त प्रावरण घन असूनही लाखो वर्षांच्या हिशेबात कणकेसारखे सरकते, आणि त्यावर हे पट्ट चालतात. दोन पट्ट दूर जातात तेथे खालून लाव्हा येऊन नवा समुद्रतळ तयार होतो. एक दुसऱ्याखाली जातो तेथे खोल गर्ता व ज्वालामुखींची रांग उभी राहते. आणि दोन खंडे समोरासमोर भिडली, की खाली जावयास कोणीच तयार नसल्यामुळे मधला गाळ चिरडून उभा राहतो. हिमालय असा झाला.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तारिहाळच्या त्या दगडाचा गाळ कोठल्याशा समुद्रात आडवाच बसला होता, त्यास अडीच अब्ज वर्षांहून अधिक काळ लोटला. मग आज ज्याचा एकच पाषाणपट असा कर्नाटक आहे, त्याचे पश्चिमेकडचे व पूर्वेकडचे दोन निरनिराळे तुकडे सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी एकमेकांवर दाबले गेले. बाजूंनी दाब आला, म्हणून थर उभे राहिले; दाब साधारण पूर्व-पश्चिम, म्हणून फूट यांनी रंगविलेले पट्टे उत्तर-दक्षिण. दाबाच्या त्या काळात तापलेले पाणी खोल भेगांतून वर चढले व त्याने गारगोटीच्या शिरांत सोने आणून ठेवले. कोलार, हट्टी, गदग यांचे सोने या उलथापालथीचे. इतक्या जुन्या काळी भूपट्ट आजच्याच रीतीने चालत होते काय, याविषयी तज्ज्ञांत अजून दुमत आहे. आडवा दाब झाला याविषयी मात्र नाही.

त्यानंतर धारवाडचा हा तुकडा पुष्कळसा शांत राहिला, पण जागेवर राहिला नाही. गोंडवन फुटले तेव्हा भारताबरोबर तोही निघाला. सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी मादागास्कर पश्चिमेच्या अंगाने सुटले. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, आज जेथे रियुनियन बेट आहे तेथल्या खालच्या उष्णतेच्या झोतावरून भारत जात असता महाराष्ट्राच्या व माळव्याच्या भूमीवर लाव्ह्याचे पूर लोटले. बेळगावपर्यंतचा तो काळा पाषाण त्याच पुराचा, आणि आपला पावागडही त्याचाच. कालिकामातेच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून पाहावे. माचीमागून माची दिसते ती एकेका लाव्ह्याच्या थराची आहे. थोड्याच अवधीत सेशेल्स बेटेही तुटून मागे राहिली, अरबी समुद्र रुंदावला आणि भारताची पश्चिमेची कड उघडी पडून उचलली गेली. सह्याद्रीची भिंत या फाटलेल्या कडेतून, पुढे झिजत मागे हटत, घडली आहे. पठार पूर्वेस कलले, म्हणून पश्चिम समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगवणारी कृष्णा व मलप्रभा उलटी वळसा घेत बंगालच्या उपसागरास जातात.

हुबळी-धारवाडात हा कल पावसाच्या थेंबात दिसतो. हे शहर पाणलोटाच्या रेषेवर वसले आहे. एका बाजूचे पाणी मलप्रभेकडे वळून पूर्व समुद्रास जाते. दुसऱ्या बाजूस धारवाडजवळ उगवणारी शाल्मला आणि उणकल तलावाकडून येणारा ओढा मिळून बेडती होते, ती मागोडच्या कड्यावरून उडी घेऊन गंगावळीच्या नावाने अंकोल्याजवळ अरबी समुद्रास मिळते. धारवाडात एकाच छपराच्या दोन पाख्यांवरचा पाऊस दोन समुद्रांस जातो असे सांगतात; ते अक्षरशः घेऊ नये, पण ते निराधारही नाही.

दख्खनचे पठार म्हणजे न हलणारी भूमी, असे आम्ही शाळेत घोकलो होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीने ते खोडून काढले. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी बडोद्यात झेंडावंदनाच्या वेळी पायाखालची फरशी हलली, ते आपणांपैकी कोणी विसरले नसेल. गोंडवन फुटताना ताणामुळे कच्छात ज्या भेगा पडल्या, त्याच आता दाबामुळे उलट्या सरकतात. कारण भारताचा पट्ट अजून चालतो आहे, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, ईशान्येकडे, आणि पुढे आशियाची भिंत आहे.

फूट आणि स्मीथ यांच्या वादाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. प्रथम म्हैसूरच्या खात्यातीलच बी. रामराव यांनी धारवाडी खडकांत वाळूवरच्या लाटांच्या खुणा व प्रवाहाचे तिरके थर दाखवून, त्यांतले पुष्कळसे पाण्यातच साचलेले आहेत हे सिद्ध केले. मग नाइसवर थेट बसलेला, पाण्याने गोल झालेल्या गोट्यांचा तळचा थर ठिकठिकाणी अभ्यासला गेला. किरणोत्सारी मोजणीने नाइसचा पुष्कळ भाग तीन अब्ज वर्षांहून जुना व धारवाडी खडक त्याहून तरुण निघाले. १९७६ मध्ये सर्वेक्षणाच्या स्वामीनाथ, रामकृष्णन व विश्वनाथ यांनी नवी वंशावळ मांडली. नाइसहूनही जुने असे काही पट्टे त्यांनी सरगूर या नावाने वेगळे काढले, म्हणजे स्मीथ यांच्या म्हणण्यातही थोडा अंश होता. पण मुख्य धारवाडी खडक नाइसच्या पायावर बसलेले, हे फूट यांचे मत पुन्हा जागेवर आले. फूट यांचा मराठा मुलखावरचा ग्रंथ निघाला त्यास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. भूपट्टांचा पत्ता नसता, वयाची मोजणी करण्याचे साधन नसता, केवळ पायी फिरून आणि थरांचा कल मोजून त्यांनी ते ठरविले होते.

भाच्याला हे सारे मी पत्राने कळविले. त्याने पायातून निघालेला तो दगड कुंपणाच्या जोत्यास लावला. फोडताना पापुद्रे सुटतात, म्हणून गवंडी कुरकुरत होता म्हणे. एक तुकडा मी बडोद्यास आणला आहे. खिडकीत पावागडचा एक काळा दगड पूर्वीपासून होता, त्याच्याशेजारी तो ठेवला आहे. फूट यांनी १८७६ मध्ये धारवाड जेथे दाखविले, त्या जागेपासून धारवाड आता सुमारे साडेसात मीटर ईशान्येस गेले आहे, आणि त्याच्यामागोमाग बडोदेही.